खसखशीएवढं फुप्फुस

आवाज माझा बारीक आहे, कान जरा जवळ आणा. मी फुप्फुसाचा एक गोळा बोलतोय. आकाराने खसखशीएवढा, स्वतःचा श्वासही घेता न येणारा, तरी फुप्फुसच.

माझा जन्म कचऱ्यातून झाला म्हणा ना. दिवस भरायच्या आतच जन्मलेल्या एका बाळाच्या श्वासनळीत नळी होती. तिच्यात साचलेला चिकट स्राव नर्स ओढून काढायची आणि टाकून द्यायची. एके दिवशी प्रयोगशाळेतली संशोधक बाई दारात येऊन उभी राहिली. "सिस्टर, टाकू नका हो, मला द्या." त्या स्रावातल्या पेशी तिने जेलीसारख्या थेंबात रुजवल्या, ऊब दिली, खाऊपिऊ घातलं आणि आम्ही भावंडं वाढलो.

बाई तरुण, पण सगळे तिला आजीबाई म्हणतात. भात शिजला का म्हणून सारखं झाकण उघडून बघावं, तशी ती आमच्या उबेच्या कपाटाचं दार उघडते. "काय रे लबाडांनो, बरे आहात ना?" मला फार बरं वाटायचं. आमच्याशी बोलणारं दुसरं होतंच कोण?

बाळाचं दुखणं मोठं विचित्र. कोवळ्या फुप्फुसाला जगायला जादा ऑक्सिजन लागतो आणि तोच त्याला पोळतो. त्यावरचं एक औषध काही बाळांना तारतं, काहींना बाधतं. या बाळाला द्यावं की नाही, इथेच त्याच्या डॉक्टरीणबाईंचं घोडं अडलं होतं. म्हणून आम्हाला जादा ऑक्सिजनच्या कपाटात ठेवलं. शेजारच्या ताटलीतल्या भावंडांना औषध दिलं, माझ्या ताटलीला नाही.

मुदत संपली. आजीबाईने शेजारची ताटली सूक्ष्मदर्शकाखाली धरली आणि टाळीच वाजवली. "जगलेत सगळे!" लगेच फोन. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "वा! बाळाच्या आईला सांगते. संध्याकाळपासून सुरू करू."

माझा जीव टांगणीला लागला. कारण औषधाचा थेंबही न घेता मी ठणठणीत होतो! बाई दार उघडायची तेव्हा ऑक्सिजन भसकन बाहेर जायचा. आम्हाला पोळण्याइतका तो कपाटात टिकतच नव्हता. मग शेजारचे औषधाने जगले, हे कशावरून? माझ्याकडे बघ गं बाई, असं मला ओरडायचं होतं. पण ओरडायला छातीत वारा लागतो, तो मी आणू कुठून?

आवराआवर करताना तिने मला सहज काचेखाली धरलं. तिचा चेहरा उतरला. "अरे देवा, तुम्हाला तर काही दिलंच नव्हतं!" तिने कपाटाच्या दाराकडे पाहिलं. मग फोन उचलला.

"मॅडम, थांबा. औषध देऊ नका. चूक माझी आहे, मी सारखं दार उघडत होते."

"अहो, आत्ता त्या आईच्या डोळ्यांत आनंदाने पाणी आलं. तिला काय तोंड दाखवू मी?"

"सांगा, अजून माहीत नाही म्हणून."

पलीकडे त्यांनी सिस्टरला औषध थांबवायला सांगितलं. मग, "लवकर करा. बाळ थकत चाललंय."

प्रयोग पुन्हा पहिल्यापासून सुरू झालाय. औषध शेजारच्यांना, मला याही वेळी नाही. आता ऑक्सिजन हलत नाही. तो झोंबतोय, माझ्या कडा विस्कटू लागल्यात. बाहेर आजीबाई उभी आहे. तिचा हात दाराच्या मुठीकडे जातो आणि मागे येतो.

बाई, तुझी माया कळते मला. भीतीही वाटते, खोटं कशाला बोलू? पण याही वेळी मी असाच वाचलो, तर बाळाला काय द्यायचं ते कुणालाच कळणार नाही. मला पोळू दे. दार उघडू नकोस.