शंभराचं माप

मी एक जुनं माप आहे. दुधाचं, शंभर मिलीचं. ॲल्युमिनियमचा छोटासा डबा, त्याला लांब दांडी आणि दांडीच्या टोकाला अडकवायचा आकडा, एवढाच माझा जीव. मित्रांनो, तुमच्या घरी पिशवीतलं दूध येत असेल, म्हणून तुम्ही मला पाहिलं नसेल. पण एकेकाळी नाशिकजवळच्या मखमलाबादच्या मळ्यांमध्ये मला न ओळखणारं घर नव्हतं.

नवसाबाईंनी आम्हा चौघांना नाशिकच्या भांडीबाजारातून एकदमच आणलं. लिटर, अर्धा, पाव आणि मी, सगळ्यांत धाकटं. दुकानदाराने माझ्यावरचा वजनमापे खात्याचा शिक्का त्यांना दाखवला, तेव्हा मला आभाळ ठेंगणं झालं होतं. थेंबभरही खोटं बोलायचं नाही, हा त्या शिक्क्याचा अर्थ. तो मी आजवर पाळला. पाळूनही जे व्हायचं ते झालं, आणि ते तुम्हाला सांगितल्याशिवाय राहवत नाही.

नवसाबाईंच्या गोठ्यात तेव्हा दोन म्हशी होत्या आणि मागे झेंडूचा मळा. नवरा लवकर गेला. एकुलत्या एका दिनेशला त्यांनी या दुधावर आणि त्या फुलांवर वाढवलं. त्यांची एक रीत होती. माप भरून ओतलं की मला पुन्हा कॅनमध्ये बुडवायचं आणि थोडं वर घालायचं. शेजारच्या सुमनबाई चहापुरतं शंभरच घ्यायच्या, पण पातेलं पुढे धरून उभ्या राहायच्या.

“वरचं राह्यलं ना, नवसाबाई.”

“राहील कसं? घालते ना.”

लोक म्हणायचे, नवसाबाईंचा हात मोठा. ते ऐकून मलाही उगाच मोठं झाल्यासारखं वाटायचं.

पुढे डेअरीची गाडी दारात येऊ लागली आणि दूध काट्यावर जाऊ लागलं. आम्ही चौघं स्वयंपाकघरातल्या खिळ्यांना लटकलो. अंगावर धूळ बसली. वर्षांमागून वर्षं गेली. दिनेशचं लग्न झालं, छाया घरात आली. दिनेश रोज पहाटे पिकअपमध्ये झेंडूचे क्रेट भरून फुलबाजारात जायचा आणि माल विकून झाला की मित्रांबरोबर बसायचा. आधी फक्त दसऱ्याला बसायचा. मग रविवारी. मग भाव चढला म्हणून आणि भाव पडला म्हणून. कोणी बोललं की म्हणायचा, “थोडीच घेतो गं.” माणूस गोड होता, त्यामुळे सगळ्यांना ते खरं वाटायचं.

एकदा त्याचे पाय सुजले. डॉक्टरबाईंनी तपासून सांगितलं, “दारू पूर्ण सोडलेली बरी. सोडण्यासाठी मी मदत करेन, औषध देईन. अगदीच जमत नसेल तर निदान खूप कमी करा, अगदी थोडी, आणि तीही रोज नाही.” एवढं मोठं वाक्य दवाखान्यातून निघालं, पण घरी पोचेपर्यंत त्यातला एकच शब्द उरला. थोडी.

“थोडी म्हणजे किती?” छायाने विचारलं. प्रश्न अगदी बरोबर होता. पण तो डॉक्टरांना विचारायचा राहिला आणि घरातल्या घरात विचारला गेला.

नवसाबाई उठल्या आणि त्यांनी मला खिळ्यावरून काढलं. पदराने पुसलं.

“याच्याहून ल्हान माप आपल्या घरात नाय,” त्या म्हणाल्या. “रोज सांजच्याला एक. मी माझ्या हातानं देईन. त्याच्यावर थेंब नाय.”

त्यांचं चुकलं कुठे? उभा जन्म दूध मोजण्यात गेलेला. त्यांच्या लेखी शंभर म्हणजे दोन कप चहापुरतं दूध, त्याहून कमी कोणी मागतच नसे. दिनेशने मला हातात धरून शपथ घेतली. मला पुन्हा काम मिळालं, म्हणून मी मनातून खूश झालो. हे मी लपवत नाही.

दिवेलागणीला नवसाबाई बाटलीतून मला भरायच्या आणि दिनेशच्या पेल्यात रिकामं करायच्या. तो तेवढं प्यायचा, जेवायचा आणि झोपायचा. मित्रांकडे जाणं बंद झालं. छाया माहेरी फोनवर सांगायची, “आता मोजूनच घेत्यात. लय सुधारले.” घरात हसू परत आलं होतं.

एक गोष्ट मात्र छायाला माहीत नव्हती. ती भाकरी थापायला चुलीकडे वळली की नवसाबाईंचं मनगट हळूच वाकायचं आणि पेल्यात थोडं वरचं पडायचं. परक्याला जन्मभर वरचं घातलं, मग पोटच्या पोराला कोरडं माप कसं द्यायचं? त्यांच्या हाताने ते केलं, डोक्याने केलं की नाही कोण जाणे. मला दिसत होतं. पण मापाला तोंड नसतं.

सव्वा वर्षाने दिनेशचे डोळे पिवळे झाले आणि पोट फुगलं. दवाखान्यात जाताना छायाने मला पिशवीत घातलं. नवरा शब्दाला जागलाय हे तिला दाखवायचं होतं.

“एकच माप, मॅडम,” मला टेबलावर ठेवत ती म्हणाली. “दुसरं कधी मागितलं नाय त्यांनी. आत्याच देतात मोजून.” सासूला ती आत्या म्हणते.

डॉक्टरबाईंनी मला पाण्याने भरलं. औषधाचा तीस मिलीचा कप घेतला आणि त्यात ओतलं. एक कप भरला. दुसरा भरला. तिसराही भरला, तरी माझ्या तळाशी पाणी होतंच.

“हे रोज? तीन छोट्या पेगांहून जास्त?” त्यांनी विचारलं. छायाने मान डोलावली. “मी थोडी म्हणाले होते. आकडा सांगायला हवा होता मी.”

तेव्हा कोपऱ्यातल्या नवसाबाई पुढे आल्या. त्यांचा आवाज जेमतेम ऐकू आला.

“अन् वरचं राह्यलं, बाई.”

“वरचं म्हणजे?”

त्यांनी सगळं सांगितलं. छाया त्यांच्याकडे बघतच राहिली. दिनेश मान खाली घालून बसला होता.

त्या दिवसापासून त्याने खरोखर सोडली. औषधं घेतली, पथ्य पाळलं. पण ते वरातीमागून घोडं होतं. लिव्हर कामातून गेलं होतं. तो अंगणातल्या खाटेवर पडून असायचा आणि नवसाबाई त्याचे पाय चेपत बसायच्या. एकदा तो त्यांना म्हणाला, “आई, तू नको लावून घेऊ. तुझा हात कधी आखडता नव्हताच.”

त्याने ते समजूत घालायला म्हटलं होतं. नवसाबाई उठून गोठ्यात गेल्या आणि किती तरी वेळ म्हशीला टेकून बसल्या.

दसऱ्याच्या आधी आठ दिवस दिनेश गेला. मळ्यात झेंडू फुलून उभा होता. तो शेजाऱ्यांनी तोडून बाजारात नेला.

आता एकच म्हैस उरली आहे. डेअरीला घालण्याएवढं दूध निघत नाही, म्हणून नवसाबाई पुन्हा दारात मापाने दूध देतात. पहिल्या दिवशी सुमनबाई आल्या. मी भरलो, रिकामा झालो. सवयीने त्या पातेलं धरून उभ्या राहिल्या. नवसाबाईंचं मनगट वाकलं, मधेच थांबलं आणि सरळ झालं.

“वरचं नाय देत मी आता,” त्या म्हणाल्या.

सुमनबाई पातेलं घेऊन घरी गेल्या.

मित्रांनो, मी लबाड माप नव्हतो. माझा शिक्का आजही खरा आहे. पण मला दूध कळतं, दारू कळत नाही. तुमच्या घरी कोणी ‘थोडीच घेतो’ म्हणालं, तर थोडी म्हणजे किती हे घरातल्या भांड्याला विचारू नका. डॉक्टरांना विचारा आणि आकड्यात विचारा. आपल्या माणसाला एक थेंबही चालतो का, हे त्याच्याही आधी विचारा.

आणि कधी मखमलाबादला नवसाबाईंच्या दारी दूध घ्यायला आलात, तर मापाला माप घ्या आणि निघा. वरचं मागू नका.