मेहुणे बसल्याशिवाय माल सुटणार नाही

आमच्या आत्याच्या कारखान्यात घडीच्या तिपाया बनतात. तीन लाकडी पाय, त्यांना मधोमध धरणारा लोखंडी बोल्ट आणि वर जाड कापडाची बैठक. मिटली की काखेत मारावी, उघडली की बसावं. यात राजकारण शिरायला जागा कुठे आहे, असं मला वाटायचं. मग सैन्याने चौक्यांवरच्या जवानांसाठी तिपाया मागवायचं ठरवलं आणि जागाच जागा निघाली.

ही ऑर्डर आम्हाला हवीच होती. आमचं गिऱ्हाईक प्लॅस्टिकच्या खुर्च्यांनी कधीच पळवलं होतं, निम्मी यंत्रं चादरीखाली झोपली होती, आणि आत्या कामगारांशी गोड बोलायला लागली होती. हे फार वाईट लक्षण. धंदा बरा असला की तिच्या तोंडाचा पट्टा दिवसभर चालू असतो. ती "बाळांनो" म्हणायला लागली की कुलूप शोधायची वेळ आली असं समजावं.

चाचणीत आमची तिपाई पहिली आली. सैन्याच्या मेजरबाईंनी ती आपटली, भिजवली, जिन्यावरून खाली सोडली, आणि तरी ती ताठ उभी राहिली. आम्ही नाचायच्या बेतात होतो, तेवढ्यात ही खरेदी करणाऱ्या खात्याच्या मंत्र्यांचे मेहुणे आले. कडक इस्त्रीचे पांढरे कपडे, बोटांत अंगठ्या, आणि काम काय करतात ते त्यांच्या बहिणीलाही सांगता येत नसे. सगळं खातं त्यांना नुसतं 'मेहुणे' म्हणायचं. आम्हीही तेच म्हणू लागलो.

"आत्याबाई, ऑर्डर तुमचीच," ते म्हणाले. "फक्त पाय साहेबांच्या मतदारसंघात बनतील. तिथल्या लोकांना काम नको का?"

"आणि कापड?"

"ते विरोधी पक्षनेत्यांच्या भागातून. म्हणजे सभागृहात उगाच कुणी प्रश्न विचारायला नको."

"मग माझ्याकडे काय राहिलं?"

"बोल्ट! आणि जोडणी! मुख्य काम तर तुमचंच."

मला वाटलं, आता आत्या यांची सालटी काढणार. पण ती हसून म्हणाली, "चालेल. आमची रीत मात्र तुम्हालाही पाळावी लागेल."

रीत माझ्या आजोबांची. माल बाहेर पडण्याआधी तो करणाऱ्याने त्यावर बसायचं, तेही दोन्ही पाय जमिनीवरून उचलून. पाय टेकवून काय, कुणीही बसेल. मेजरबाईंना ही रीत इतकी आवडली की त्यांनी ती करारातच घातली: प्रत्येक ट्रकमधल्या ज्या तिपायांकडे त्या बोट दाखवतील, त्यांवर सुटे भाग पुरवणाऱ्याने स्वतः बसायचं. पायांच्या कारखान्याचे मालक कागदोपत्री मेहुणे होते. करार चांगला जाडजूड होता आणि मेहुण्यांना फक्त सहीची जागा शोधायची सवय होती.

पायांची पहिली खेप आली, तिपाया जोडून झाल्या. मेजरबाईंनी एक तिपाई दाखवली. मेहुणे ऐटीत बसले, पाय उचलले आणि कडकन आवाज होऊन पांढऱ्या कपड्यांसकट भुशात पडले. कामगारांनी हसू दाबण्यासाठी तोंडं फिरवली. मी फिरवलं नाही, मला जमलंच नाही.

"कुणी केलाय हा पाय?" मेहुणे ओरडले.

"तुम्हीच," आत्या म्हणाली आणि त्यांना हात देऊन उठवलं. मग तिने त्यांना चहा पाजला आणि मोडलेला तुकडा दाखवला. लाकडात बरोबर मधे गाठ होती. स्वस्तातलं लाकूड, दुसरं काय!

पुढच्या खेपेला मेहुणे आधी लाकूड बघून आले. त्याच्या पुढच्या खेपेला अंगठ्या काढून आले. हळूहळू ते गाठ बोटाने ओळखू लागले, तिकडच्या सुतारांशी भांडू लागले, जेवताना लाकडाबद्दल बोलून बहिणीला कंटाळा आणू लागले. मला हा माणूस आवडायला लागला होता, हे मी कबूल करते. आत्या मात्र अजून गोडच बोलत होती. "शेवटची खेप सुटेपर्यंत काही खरं नाही, बाळा," म्हणायची आणि मी कुलूप कुठे ठेवलंय ते बघून यायचे.

शेवटच्या खेपेच्या वेळी निवडणूक तोंडावर आली. मंत्र्यांना ट्रकला झेंडा दाखवतानाचा फोटो हवा होता. मेहुण्यांचं चांगलं लाकूड अजून वाळत होतं, म्हणून मंत्र्यांच्या कार्यकर्त्यांनी घाईघाईत दुसऱ्याच वखारीतून पाय आणून टाकले. ते जोडून झाले तोच मंत्री आले, मागोमाग कॅमेरेवाले. मेजरबाईंनी बोट दाखवलं. मेहुण्यांनी तिपाई उचलली, पायावरून बोट फिरवलं आणि ते थांबले.

"भावोजी, हे पाय मी केलेले नाहीत. यावर मी बसणार नाही. तुम्ही बसा."

मंत्री हसत तिपाईवर बसले. कॅमेरे चमकले.

"आता पाय उचला," मेहुणे म्हणाले.

मंत्र्यांनी खाली पाहिलं. मेहुण्यांकडे पाहिलं. पाय काही उचलेनात. शेवटी ते सावकाश उठले आणि आत्याकडे वळले. "बाई, ही ऑर्डर मी एका सहीने रद्द करू शकतो."



"करा की," आत्या म्हणाली. "पाय करणारे तुमचे मतदार, कापड विणणारे विरोधी पक्षनेत्यांचे. काम का गेलं, ते दोघांनाही तुम्हीच सांगा. मी आपली बोल्टवाली."

 ऑर्डर वाटून घ्यायची अक्कल मंत्र्यांचीच होती, आणि आता ती कुठूनच मोडता येत नव्हती. "हे पाय परत पाठवा," ते कार्यकर्त्यांवर खेकसले. "लाकूड वाळेल तेव्हा वाळेल." मग मेहुण्यांना म्हणाले, "तुझी एक दे."

मेहुण्यांनी आदल्या खेपेतली, नमुना म्हणून ठेवलेली तिपाई उघडली. मंत्री बसले. त्यांनी एक पाय उचलला, मग दुसरा, आणि जरासे डुलत, लहान मुलासारखे हसत तसेच बसून राहिले. मेहुण्यांचे डोळे भरून आले. मंत्र्यांच्या पाठीमागे आधाराला धरलेला हात त्यांनी हळूच काढून घेतला.

दुसऱ्या दिवशी फोटो सगळीकडे छापून आला आणि सकाळपासून तिपायांसाठी फोन येऊ लागले. आम्ही दारातच घोळका करून तो बघत होतो, तेवढ्यात मागून आत्याचा आवाज आला.

"काय रे मेल्यांनो, फोटो बघायचा पगार देते का मी? आणि तू गं, दात काय काढतेस? त्या यंत्रांवरच्या चादरी कोण काढणार, तुझा बाप?"

किती दिवसांनी शिव्या खाल्ल्या आम्ही! मी पळतच चादरी काढायला गेले.