खडखडाट काढलेला ट्रक

मला सवत होती, आणि ती सहा चाकांची होती. मालक विठ्ठलराव, पण जीव लावला होता तो आमच्या घरच्या माणसाने. मारेगावातून कापूस भरायचा, वणीच्या जिनिंगला उतरवायचा आणि परत यायचं. दिवाळीपासून होळीपर्यंत नलूच्या बाबांचा मुक्काम त्या ट्रकात आणि माझा मुक्काम त्यांच्या वाटेवर. ट्रक इतका वाजायचा की तो वळणावर आला की आमच्या वस्तीतल्या बाया मला सांगायच्या, "कांताबाई, भांडे घासाले बसला वं तुहा नवरा."

मीही हसायचे. पण त्या ट्रकाला नावं ठेवायचा हक्क माझा एकटीचा होता. छप्पन साली आमची अख्खी वस्ती त्याच ट्रकातून नागपूरला दीक्षेला गेली होती. विठ्ठलरावांनी ट्रक दिला, यांनी चालवला. नलू तेव्हा दहा-अकरा वर्षांची, मला टेकून बसून सगळा रस्ता गात गेली होती. त्यामुळे ट्रकाला मी शिव्या द्यायचे, पण दुसऱ्या कुणी दिल्या की मला राग यायचा.

ती नलू मोठी झाली, नागपूरला मास्तरणीच्या शिक्षणाला राहिली. त्रेसष्ट सालच्या नाताळच्या सुट्टीत घरी आली आणि चुलीपुढे बसून एकदम म्हणाली, "आई, मी रेडिओवर गाणार आहे."

पुढच्याच महिन्यात, संध्याकाळच्या कार्यक्रमात, नागपूर केंद्रावरून. कॉलेजच्या चार मुली जाणार होत्या आणि त्यांत एक गाणं नलू एकटीच म्हणणार होती. गौतमाच्या करुणेचं गाणं, त्यांच्याच एका बाईंनी रचलेलं. मी तिला तिथल्या तिथे म्हणून दाखव म्हटलं, तर म्हणाली, "आता नाही. रेडिओवरच ऐका."

हे दाराशी बसले होते. मी तीनदा सांगितलं तेव्हा यांच्या डोक्यात शिरलं. पाच हाका मारल्याशिवाय ओ द्यायची नाही हा नवरेजातीचा स्वभावच आहे, अशी माझी तेव्हा समजूत होती. पण एकदा कळल्यावर माणूस असा उठला की जणू पोरगी आत्ताच गाणार आहे.

गावात रेडिओ विठ्ठलरावांच्या घरी होता. ते मनाने चांगले, त्यांनी स्वतःहून बोलावलं असतं. पण त्यांच्या ओसरीवर कोण कुठे बसणार हे न बोलता ठरलेलं होतं, आणि यांना ते नको होतं.

"माह्या पोरीचं गानं मी खाली बसून नाई आयकनार," हे म्हणाले. "ट्रकात रेडिओ बसवतो. आपली वस्ती आपल्या गाडीपाशी बसून आयकन."

विठ्ठलरावांना विचारलं, तर ते हसून म्हणाले, "माल टायमावर पोचव गोविंदा, मंग गाडीत तमाशा बसव." झालं. वणीहून एका मोडीत निघालेल्या जीपचा रेडिओ आला. यांनी तो स्टिअरिंगशेजारी पत्रा कापून बसवला, टपावर एरियलची काडी उभी केली आणि वणीच्या फेरीवर निघाले. परत आले ते तोंड पाडून.

"कायच आयकू येत नाई. पत्रा लय वाजते."

मग बोलावणं गेलं उकंडाला. उकंडा आमच्याच वस्तीतला पत्र्याचा कारागीर. बादल्यांना बुड लावायचा, कंदिलाला डाग द्यायचा आणि काम करताना तोंडाचा पट्टा चालू ठेवायचा. तो आला, ट्रकाभोवती वैद्यासारखा फिरला आणि म्हणाला, "गोविंदाभाऊ, याच्यात न वाजनारा एक हॉर्नच आहे."

ट्रक चालू करून आमच्या दारासमोर उभा ठेवला. उकंडा पत्र्याला कान लावून लावून आवाज शोधू लागला, पण इंजिनाच्या घरघरीत त्याला काही सापडेना. तेव्हा यांनी त्याला बाजूला केलं. ट्रकाच्या दारावर तळहात टेकवला, डोळे मिटले, हात जरा खाली सरकवला.

"इथं. आतली पट्टी सुटली."

उकंडाने खिळे काढून पाहिलं तर खरंच पट्टी सुटलेली. मग बॉनेट, मग मडगार्ड, मग पायाखालची फळी. जिथे हात ठेवतील तिथे खडखड सापडायची. उकंडा तोंडात खिळे धरून बघतच राहिला. "भाऊ, तुमच्या हाताले कान हायेत का काय?" हे नुसते हसले. मीही कौतुकाने बघत होते. कौतुकच केलं मी, दुसरं काही सुचलं नाही.

पुढचे कितीतरी दिवस आमच्या दारात तेच काम. जुन्या सायकलच्या ट्यूबा कापून दाराच्या कडांना लावल्या. सैल नटांखाली चामड्याच्या चकत्या बसवल्या. पायाखाली बारदान अंथरून त्याला डांबर पाजलं. माल उतरवायला उघडतात त्या मागच्या फालक्याच्या साखळ्या तर मी माझ्या जुन्या लुगड्याच्या पट्ट्यांनी गुंडाळल्या. दारांच्या पोकळीत काय भरायचं हा प्रश्न आला, तेव्हा कापसाच्या मुलखातल्या माणसांना जे सुचायचं तेच आम्हाला सुचलं. झाडून गोळा केलेला कापूस, सरकीसकट, ठासून भरला. चौथ्या दिवशी दारात उंदरांचा संसार सुरू झाला. सरकीची मेजवानी घरपोच मिळाल्यावर ते कशाला जातात! सगळं उपसलं आणि पुन्हा बारदान भरलं. उकंडाचं म्हणणं पडलं की खडखड परवडली, ती निदान वायर तरी खात नव्हती.

खडखडाट गेला. खरंच गेला. ट्रक वळणावर आलेला वस्तीला कळेनासा झाला. पण हे रेडिओ लावायचे, मान वाकडी करून बसायचे आणि म्हणायचे, "गुनगुन येते नुसती. शब्द लागत नाई."

आता भोंगा लहान आहे असं निघालं. बंद पडलेल्या तंबूतल्या सिनेमाचा एक मोठा स्पीकर उकंडाने कुठूनसा मिळवला, त्याला सागाच्या फळ्यांची पेटी केली आणि ती सीटच्या मागे घट्ट बसवली. रेडिओ लावला तर नागपूरच्या बातम्या ओढ्यापलीकडच्या शेतात ऐकू गेल्या. तिथल्या बायांनी निंदण सोडून वर पाहिलं.

"हां," हे म्हणाले, "आता जरासं बरं आहे."

उकंडा माझ्याकडे आला आणि हळूच म्हणाला, "वहिनी, भाऊले आखीन काय पायजे? माह्ये कान दुखून राह्यले." मी म्हटलं, पोरीचं गाणं आहे, बापाला कमीच वाटणार.

कार्यक्रमाच्या दोन दिवस आधी मी वणीला निघाले, यांच्या शेजारी बसून. गाडी इतकी शांत की मला गाडीत बसल्यासारखं वाटेना. पण यांना आनंद नव्हता. हात सारखा स्टिअरिंगवरून उचलून दारावर ठेवायचे, पुन्हा उचलायचे. गिअर टाकला की दात खाल्ल्यासारखा करकर आवाज यायचा. इतक्या वर्षांत त्यांच्या हातून असा आवाज मी ऐकला नव्हता.

"काय झालं?" मी विचारलं. यांनी पुन्हा हात दारावर टेकवला.

मागून एस.टी. आली. तिने हॉर्न दिला, परत दिला, मग देतच राहिली. हे रस्त्याच्या मधोमध. शेवटी एस.टी. बाजूच्या मातीत उतरून पुढे गेली तेव्हा हे दचकले आणि ट्रक बाजूला घेतला. ड्रायव्हरने खिडकीतून दिलेल्या शिव्या मला सगळ्या ऐकू आल्या.

मी समोर बघत, साध्या आवाजात म्हणाले, "नलूचे बाबा, मांग आग लागली कापसाले."

हे समोर बघत गाडी हाकत होते.

मग मी त्यांचा दंड धरला आणि गाडी थांबवायला लावली. एका बाभळीखाली ट्रक उभा राहिला. मला इतका राग आला होता की आधी रडू आलं. मी त्यांच्या तोंडाजवळ तोंड नेऊन ओरडले, "कधीपासून?"

ते स्टिअरिंगकडे बघत म्हणाले, "दोन वर्सं झाले. डावा गेलाच. उजव्यानं जरासं येते."

"काहून नाई सांगतलं मले?"

"कायले सांगू? कळलं असतं तर गाडी कोन देते?" मग दारावरून हात फिरवत म्हणाले, "गाडी बोलते ना हाताले. गिअर, नट, मांगची गाडी, समदं कळे. आता हे बारदान भरलं, आन् गाडीच मुकी झाली. मले काय मालूम असं होईन? म्हनलं खडखड गेली तर नलूचं गानं तरी आयकू येईन."

मला त्यांना खूप बोलायचं होतं. दोन वर्षं माझ्याशेजारी जेवला, झोपला, आणि मला सांगितलं नाही. मी दोन वर्षं यांना हट्टी म्हणत राहिले. पण त्या माणसाने सगळी गाडी उसवली ती एका गाण्यासाठी, हे माझ्या डोळ्यांपुढून हलेना. मी एवढंच म्हटलं, "हळू चालवा. मांगचं मी पायते." वणीपर्यंत आणि तिथून घरापर्यंत मी मागे मान वळवून बसले, आणि कुणी आलं की त्यांच्या गुडघ्यावर थाप मारली.

कार्यक्रमाच्या दिवशी ऊन उतरलं तशी वस्ती ट्रकाभोवती जमली. पोरं टपावर, बाया खाली चटया टाकून. विठ्ठलरावही आले आणि उभेच राहिले, तेव्हा उकंडाने त्यांना आपली बाज दिली. हे आत, स्पीकरच्या पेटीला उजवा कान लावून. मी त्यांच्या शेजारी.

नलूचं नाव पुकारलं. मग नलू गायली. माझ्याच पोरीचा आवाज, पण किती मोठा झालेला! खाली कुणी खोकत नव्हतं. मी यांच्याकडे पाहिलं. ते पेटीला कान लावून बाहेरच्या लोकांची तोंडं बघत होते. मग त्यांनी बटण पिरगाळलं, आवाज वाढला. आणखी पिरगाळलं. स्पीकर थरथरायला लागला, नलूचा आवाज फाटला, शब्द कळेनात. खालून लोक ओरडले, "कमी करा! कमी करा ना भाऊ!" यांना तेही ऐकू आलं नाही. ते बटणाला धरूनच होते.

मी हात पुढे केला आणि आवाज कमी केला.

त्यांनी माझ्या हाताकडे पाहिलं. हळूच कान पेटीपासून काढला आणि गाणं संपेपर्यंत सरळ बसून राहिले. लोकांसाठी मला ते करावंच लागलं. पण तेवढ्या एका बटणाचं मला अजून वाईट वाटतं.

गाणं संपलं, टाळ्या झाल्या. लोक यांचे हात हातात घेऊन जयभीम करत होते आणि हे मान डोलवत होते.

रविवारी नलू एस.टी.ने येणार होती. सकाळी मी यांना समोर बसवलं आणि मोठ्याने पढवलं. "पोरगी इचारन. आयकलं म्हना. दुसऱ्या कडव्यात आवाज वर गेला थे लय आवडलं म्हना." हे मान डोलवून ऐकत होते. मग टोपी घातली आणि न सांगता कुठेतरी गेले. परत आले तेव्हा नलू येऊन बसली होती, उकंडा आणि दोन-चार बाया तिचं कौतुक करत होत्या.

"बाबा," नलू उठून म्हणाली, "ऐकलं का माझं?"

मी यांच्याकडे डोळे मोठे करून पाहिलं.

"नाई," हे म्हणाले. "नाई आयकू आलं, बाई. ट्रकाचा दोष नाई. माह्येच कान गेले." आणि सगळ्यांकडे वळून म्हणाले, "विठ्ठलरावले किल्ली देऊन आलो. उद्यापासून त्यायचा दुसरा मानूस, धावजी, गाडी चालवन. मी कापूस तोलाले बसीन."

मी पढवलेलं सगळं वाया गेलं, आणि खरं सांगते, मला त्या घडीला त्यांचा जितका अभिमान वाटला तितका कधी वाटला नव्हता.

नलू त्यांच्याजवळ गेली. मी बोट दाखवलं तशी उजव्या बाजूला बसली. दोन्ही हातांचा द्रोण करून त्यांच्या कानाला लावला आणि गायला लागली. गायली कसली, वावराच्या या धुऱ्यावरून त्या धुऱ्यावर हाक मारावी तशी ओरडली. सूर गेला, ताल गेला, शेजारची कुत्री भुंकू लागली. दुसऱ्या कडव्यात तिला रडू फुटलं, तरी थांबली नाही. हे डोळे मिटून, मान तिच्याकडे कलवून बसले होते.

संपलं तेव्हा त्यांनी डोळे उघडले. "रेडिओवर बी अशीच वरडली काय वं?"

"हो बाबा."

"मंग नागपूरवाल्यायचे कान बी गेले असतीन."

सगळे हसले. नलू हसता हसता डोळे पुसू लागली. यांनी तिचे हात धरले आणि परत आपल्या कानापाशी नेले.

"आखीन एकदा म्हन," ते म्हणाले. "दुसरं कडवं मले पुरं नाई आलं."