मीराबाई माइकसमोर

रोशनीच्या शोधनिबंधाला बक्षीस मिळालं ही बातमी नागपूरच्या प्रताप नगरात तिच्याआधी तिच्या बापानं पोचवली. नागसेनरावांना शोधनिबंध म्हणजे काय ते नीट ठाऊक नव्हतं. पण बक्षीस म्हणजे काय ते ठाऊक होतं, आणि फ्लेक्स कुठे छापून मिळतो तेही. दुसऱ्या दिवशी चौकात रोशनी दहा फूट उंच उभी होती. खाली 'कृत्रिम बुद्धिमत्तेच्या जागतिक परिषदेत उत्कृष्ट शोधनिबंध पुरस्कार', आणि त्याखाली शुभेच्छुक म्हणून, जन्मात तिच्याशी न बोललेल्या डझनभर पोरांचे गॉगलवाले फोटो. शेजारचे काका भेटले ते म्हणाले, "पेपर कितीचा होता वं? शंभराचा?"

निबंधाचं म्हणणं सोपं होतं. मोबाइलमधल्या, बोलणं ओळखणाऱ्या यंत्रांना पुस्तकी मराठी कळते, नागपूर-वऱ्हाडाकडची कळत नाही, अशी सगळ्यांची तक्रार. रोशनीनं दाखवलं होतं की आपल्या माणसांचं थोडंसं बोलणं ऐकवलं की यंत्र चटकन शिकतं आणि मग जवळजवळ बिनचूक ओळखतं. त्यासाठी ती माइक घेऊन भिवापूरला गेली, मीराआत्याच्या ओसरीवर बसली आणि आत्यापासून शेजारच्या धोंडबाकाकांपर्यंत सगळ्या गल्लीला तिनं बोलतं केलं. ऐकून टाइप करायचं काम बाहेर दिलं. स्वतः फक्त आकडे पाहिले. आकडे इतके देखणे होते की परदेशातले परीक्षकही भाळले.

समारंभाला अजून आठवडा होता. भाषणात ऐकवायला एखादा तुकडा हवा म्हणून रोशनीनं हेडफोन लावून आत्याचं रेकॉर्डिंग उघडलं. "आमच्या गावामध्ये मिरचीचे उत्पादन मोठ्या प्रमाणावर घेतले जाते," आत्या सांगत होती. रोशनी खो खो हसली. भांडायला लागली की अर्ध्या भिवापूरला ऐकू जाणारी आपली आत्या, आणि ही आकाशवाणी! मग तिनं धोंडबाकाका लावले. "मला शेतीची अत्यंत आवड आहे," धोंडबाकाका म्हणाले. तिसरा लावला, चौथा लावला. रोशनीचं हसू कुठल्या कुठे पळालं. सगळी गल्ली छापील मराठी बोलत होती. यंत्राला जे आधीच येत होतं, त्याचीच परीक्षा घेऊन तिनं त्याला पहिला नंबर दिला होता.

तिनं आत्याला फोन लावला.

"जय भीम, आत्या. तू माइकसमोर असं का बोललीस गं? नेहमीसारखं का नाही बोललीस?"

"मंग कसं बोलू? तूच त सुरू केलं. 'नमस्कार, आपलं नाव सांगा,' म्हणे. सख्खी भाची आपलं नाव विचारून राहिली, मले वाटलं सरकारी काम दिसते. धोंडबाले बी मीच सांगतलं, नीट बोल बाप्पा, पोरीच्या इज्जतीचा सवाल आहे."

आत्याचं चुकलं नव्हतंच. इकडच्या माणसांना कोणी आदरानं विचारलं की ती आदरानंच उत्तर देतात. आणि आपल्या बोलीतही आदर मावतो हे त्यांना कुठल्याच शाळेनं सांगितलेलं नाही. रोशनीलाही नव्हतं सांगितलं. पुण्यात शिकायला गेल्यावर तिच्या 'मले-तुले'वर वर्गात हशा पिकला आणि तिनं ते तिथेच टाकून दिलं. म्हणून त्या ओसरीवर तिच्या कानाला काही खटकलं नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात. या बाईनं तर कळसा आधी फेकून दिला आणि मग माइक घेऊन तो शोधायला निघाली.

तिचे मार्गदर्शक मुकुंद सर मनीषनगरला राहत. सगळं ऐकून त्यांनी सावकाश चष्मा पुसला. "निबंधाच्या शेवटी 'मर्यादा' म्हणून एक ओळ घाल. सगळेच घालतात. पुढची फेलोशिप या बक्षिसावर आहे, तुला माहीत आहे."

तिला माहीत होतं. खरं सांगायचं तर तिलाही ती ओळ घालायचीच होती. घरी येऊन तिनं लिहिलीसुद्धा: 'वक्त्यांच्या शैलीत काहीशी औपचारिकता आढळू शकते.' छान जमली होती. वाचून तिला स्वतःचाच राग आला. या निबंधाच्या भरवशावर उद्या कोणी दवाखान्यात असं यंत्र बसवलं, तर पोटात दुखतं हे सांगायलाही आत्याला पुन्हा परक्यासारखं बोलावं लागणार होतं.

नागसेनराव जेवत होते. "बाबा, पेपरात चूक आहे. सांगितलं तर बक्षीस जाईल."

"कोणाले समजली?"

"मलाच. अजून कोणालाच नाही."

त्यांनी हातातला घास ताटात ठेवला. "मंग सांगून दे. फ्लेक्स मी लावला, मीच काढतो. त्याचं काहून टेन्शन घेऊन राहिली?"

तिनं परिषदेला कळवलं. समितीनं तिच्या प्रामाणिकपणाचं तोंड भरून कौतुक केलं आणि बक्षीस दुसऱ्याला दिलं. रोशनी बाथरूममध्ये नळ सोडून मनसोक्त रडली. रविवारी तिनं माइक उचलला आणि भिवापूरची बस धरली.

आत्या ओसरीवर लाल मिरच्यांचे देठ मोडत बसली होती. रोशनीनं माइक सुरू केला पण तिचीच जीभ वळेना. शेवटी डोळे मिटून ती म्हणाली, "आत्या, मले भूक लागली वं. काय करून राहिली तू?"

आत्याचे हात थांबले. "अवं माय! तुले येते अजून?"

"येते."

"अन् ते बक्षीस? नागसेन सांगत होता, वापस केलं म्हणे. काहून?"

"तुह्या बोलण्यासाठी. तू खरी कशी बोलते, ते त्याच्यात नवतंच."

आत्याला भरून आलं. हात मिरचीचे, त्यामुळे डोळेही पुसता येईनात. "आमच्या बोलण्याले लोक हासतच आले, पोरी," ती म्हणाली. "त्याच्यापायी कोणी काही सोडलं, हे मी पहिल्यांदा ऐकून राहिली."

मग नाक ओढून ती जी बोलत सुटली, ती माइकची बॅटरी संपली तरी थांबली नाही.