संचिताची जास्वंद

आर्यनचं चित्र आलं नाही, तेव्हा गुरुदत्त सरांनी लगेच लेकीला हाक मारली.

"क्षिप्रा, तुझ्या साइटचं काहीतरी बिनसलंय बघ. आर्यन म्हणतो, जास्वंदीचा उभा छेद काढून पाठवला. माझ्याकडे काहीच नाही."

सर निवृत्त झाले, तरी शिकवण्याची खोड काही सुटली नव्हती. नौपाड्यातल्या घरात बसून दर रविवारी ते मुलांना व्हिडिओवर विज्ञान शिकवायचे, तेही फुकट. ठाण्याची, डोंबिवलीची, पार शहाडची मुलं वर्गाला असत. वर्ग संपला की मुलांनी चित्र काढायचं, त्याचा फोटो घ्यायचा आणि साइटवर पाठवायचा. साइट क्षिप्रानं उभी केली होती. नेटवर्क सांभाळणं हाच तिचा पोटापाण्याचा उद्योग.

"विसरला असेल हो बाबा."

"छे! आर्यन खोटं बोलणारा मुलगा नाही. डॉक्टरांचा मुलगा तो, गृहपाठ कधी चुकवत नाही."

क्षिप्रानं आर्यनला फोन लावला. स्वारी सुट्टीत डोंबिवलीला मामाकडे गेली होती.

"ताई, घरून एकदम मस्त जायचं. इकडे आलोय तेव्हापासून लोचा झालाय."

तिनं त्याला आधी एक चिमुकला फोटो पाठवायला लावला. तो टपकन आला. मग चित्राचा मोठा फोटो पाठवायला सांगितलं. तो गडप. मग ती स्वतःच लॅपटॉपवरून आर्यनच्या फोटोच्याच वाटेनं चाचणीचे संदेश सोडू लागली, प्रत्येक वेळी आकार थोडा वाढवत. एका मापापर्यंत उत्तर यायचं. त्यापुढे ना हो, ना नाही.

"सापडलं," ती म्हणाली.

सरांनी खुर्ची जवळ ओढली. "आता मला सांग. पाचवीतल्या पोराला सांगतात तसं."

क्षिप्रा हसली. हे वाक्य तिनं लहानपणापासून ऐकलं होतं.

"चित्र एकदम जात नाही, बाबा. त्याच्या पुड्या बांधल्या जातात. लहान चित्राची एखादी अर्धवट पुडी होते. मोठ्या चित्राच्या कितीतरी होतात, आणि सगळ्या काठोकाठ भरलेल्या. आपल्याकडे चित्रं ठेवायला दोन सर्व्हर आहेत. कुणाची पुडी कुठे जाणार, हे मधला लोड बॅलन्सर ठरवतो. खोपटच्या डेपोत चौकशीच्या खिडकीतला माणूस सांगतो ना, तू या फलाटावर, तू त्या, तसा."

"बरं."

"दुसरा सर्व्हर दुसऱ्या इमारतीत आहे. म्हणून तिकडच्या पुडीवर हा आणखी एक कागद गुंडाळतो आणि वर नवा पत्ता घालतो. अर्धवट पुडीला कागद चढला तरी ती दारातून जाते. काठोकाठ भरलेली मात्र कागदासकट फुगते आणि दारात मावत नाही. मग तो ती टाकून देतो."

"आणि सांगत नाही कुणाला?"

क्षिप्रा जरा घुटमळली. "सांगतो. 'मावत नाही, लहान पुड्या बांध' अशी चिठ्ठी तो मुलाच्या फोनकडे धाडतो. पण चोरांना आतलं काही कळू नये म्हणून असल्या सगळ्या चिठ्ठ्या मी फाटकावरच अडवल्यात. चूक माझीच आहे, बाबा."

"मग आर्यनचं घरून कसं जायचं?"

"ते घराच्या नेटच्या पत्त्यावर ठरतं. ठाण्याचं घर पहिल्या सर्व्हरच्या वाट्याला आलंय, मामाचं दुसऱ्या. एखादं घर दुसऱ्याच्या वाट्याला गेलं, की तिथलं मोठं चित्र कधीच पोचणार नाही. रोज पाठवलं तरी." ती थांबली. "याआधी कुणी म्हणालं होतं का बाबा, की पाठवलं म्हणून?"

सरांनी खुर्ची मागे सरकवली.

म्हणाली होती की. शहाडची संचिता. प्रत्येक रविवारी म्हणायची, "पाठवलेलं सर." आधी सरांनी समजुतीनं घेतलं. पुन्हा तेच झालं, तेव्हा भर वर्गात म्हणाले, "संचिता, जमत नसेल तर तसं सांग, मी शिकवीन. पण थापा नकोत." पोरगी म्हणाली, "आईशप्पथ सर, पाठवलेलं." त्यावर हर्षित नावाचा वात्रट कारटा ओरडला, "सर, तिची जास्वंद बकरीनं खाल्ली!" सगळा वर्ग हसला. सरांनाही हसू आवरलं नाही. त्यानंतर संचिता वर्गात दिसली नाही. सरांनी मनाशी म्हटलं होतं, खोटं उघडं पडलं की मुलं तोंड लपवतात.

तेच वाक्य आर्यन बोलला, तर ते लगेच खरं वाटलं होतं.

"क्षिप्रा, तिला पानावर काय दिसत असेल गं? चित्र पाठवल्यावर?"

क्षिप्रा पडद्याकडेच बघत राहिली. "'मिळालं! शाब्बास!'"

सरांना आठवलं. साइट तयार होत असताना क्षिप्रा म्हणत होती, चित्र खरोखर पोचल्यावर संदेश दाखवू. सरच हट्टाला पेटले होते. पोरांना ताटकळत ठेवायचं नाही, बटण दाबलं की तत्क्षणी पाठीवर थाप पडली पाहिजे. शब्दही त्यांचेच होते.

क्षिप्रानं फाटक त्या चिठ्ठ्यांपुरतं उघडलं आणि पुड्या मुळातच लहान बांधल्या जातील अशी सोय केली. आर्यनचा फोटो लगेच आला. सरांनी त्याच्याकडे नीट पाहिलंही नाही.

"आणि तिची चित्रं? आता येतील?"

"नाही, बाबा. वाटेत पडलं ते गेलं. ते कुठे साठून राहत नाही. ज्याचं त्याला पुन्हा पाठवावं लागतं."

दुसऱ्या दिवशी दोघं शहाडला गेली. क्षिप्रानं नोंदणीतल्या नंबरावर फोन करून पत्ता विचारला होता. स्टेशनापासून नदीकडे उतरत गेलं की बैठ्या खोल्यांची रांग लागते, त्यातली एक. संचिताची आई शेवंती दारातच उभी होती.

"या ना सर, बसा. अगं संचे, सर आलेत बघ!"

संचिता आतून आली. पडद्यावर दिसायची त्यापेक्षा लहानखुरी. तिनं वाकून नमस्कार केला आणि भिंतीला टेकून उभी राहिली.

"बाळा, तू चित्रं पाठवली होतीस," सर म्हणाले. "ती आमच्या यंत्रात अडली. तू खरं बोलत होतीस. मी तुला खोटं ठरवलं, सगळ्यांसमोर. माझं चुकलं. येत्या रविवारी सगळ्यांसमोरच सांगणार आहे मी."

"हो सर."

"चित्रं आहेत ना? बघू दे तरी मला."

संचितानं आईकडे पाहिलं. शेवंतीच म्हणाली, "फोटो पुसले ओ तिनं. माझा फोन सारखा भरतो ना. म्हणली, सरांना मिळालंय, आता कशाला ठेवायचे? आणि त्या दिवशी वर्ग झाला तशी वहीतली पानंपण फाडली. मी ओरडले पण, चांगली कोरी वही होती."

"मग पुन्हा काढशील? माझ्यासाठी?"

"नको सर," संचिता म्हणाली. आवाजात राग नव्हता. अगदी नीट, शाळेत उत्तर द्यावं तसं म्हणाली.

"काढंल ओ सर, लाजतेय ती," शेवंती गडबडीनं म्हणाली. "संचे, असं बोलतात का?"

"राहू द्या," सर म्हणाले. "तिला नको तर नको."

इतक्यात बाहेर गलका झाला, पाणी आलं. संचितानं कोपऱ्यातली कळशी उचलली आणि ती बाहेर गेली. शेवंतीनं चहा टाकला. सरांनी कप हातात घेतला आणि दाराकडे तोंड करून बसले. नळावर बायकांची भांडणं जुंपली, मिटली, पाणी जायची वेळ झाली. शेजारणी भरल्या भांड्यांनिशी परतल्या. चहावर साय धरली.

शेवंतीनं बाहेर डोकावून पाहिलं. "भरून झालंय की तिचं. कठड्यावर बसलीये. बोलावू का?"

"नको," सर म्हणाले. त्यांनी थंड चहा एका घोटात संपवला आणि क्षिप्राचा हात धरून उठले. "येतो आम्ही."

बाहेर आल्यावर ते कठड्यापाशी थांबले. संचितानं पाय आवरून त्यांना वाट करून दिली. ती नदीकडे बघत होती. सरांनी तिच्या डोक्यावर ठेवायला हात उचलला, आणि तसाच खाली घेतला.