बाकावरचं ऊन

"बुंध्यापर्यंत काँक्रीट ओतलं तर झाडानं पाणी कुठून प्यायचं?" ड्यूटीवरून आलेल्या रोझीताई हातातली पिशवी खाली ठेवून मिक्सरसमोर उभ्या राहिल्या.

मुकादम मच्छिंद्र वैतागला. "मॅडम, गल्लीचं सुशोभीकरन हाय. आळं ठेवा असं आमाला कुनी सांगितलं न्हाई."

"मग मी सांगते."

"तुमी सांगून काय हुतंय?"

भिंगारकडच्या त्या गल्लीत कडुनिंबाचं हे एवढं एकच झाड उरलं होतं. शेजारचे बाबाजानचाचा दुपारभर त्याच्याखाली खुर्ची टाकून बसत. त्यांचं घर पत्र्याचं, त्यात दमा. गेल्या मे महिन्यात त्यांना रिक्षात घालून दवाखान्यात नेलं होतं ते नर्स असलेल्या रोझीताईंनीच.

"जाने दे बेटी, झगडा कशाला?" चाचा म्हणाले.

रोझीताईंना मच्छिंद्रपेक्षा त्यांचाच जास्त राग आला. ज्यांच्यासाठी भांडायचं, तेच माघार घेणार. त्या चाचांच्या खुर्चीत बुंध्याला टेकून बसल्या, त्या उठेचनात. शेवटी मच्छिंद्रनं कंटाळून खोडाभोवती विटांचं कडं केलं आणि बाकीचं काँक्रीट ओतून तो निघून गेला.

काही दिवसांनी गल्लीत स्टीलचा बाक आला. बसवला समोरच्या कडेला, भर उन्हात, बोल्ट ठोकून. आणि झाडाखालच्या नव्या सपाट जागेत समोरच्या हर्षलची गाडी उभी राहिली.

रोझीताईंनी त्याचं दार वाजवलं. "हर्षल, गाडी काढ रे तिथून. चाचा बसतात तिथं."

"ताई, त्यांच्यासाठीच तर बाक केलाय. उन्हात गाडी लई तापती."

"आणि माणूस?"

"बघतो संध्याकाळी," म्हणत त्यानं दार लोटलं.

संध्याकाळपर्यंत ऊन थांबणार होतं थोडंच. रोझीताई तणतणत वळल्या. चाचा डोक्यावर ओला रुमाल टाकून बाकाच्या टोकाला बसले होते.

"माझ्या घरात चला. पंखा आहे."

"रात्रभर जागलीस तू, झोप जा. बाक बरा हाय. चांगला मजबूत हाय."

आता यांना काय बोलायचं! रोझीताई घरात गेल्या आणि छत्री घेऊन परत आल्या. बाकावर टेकताच चटका बसला, पण त्या तशाच बसून राहिल्या. छत्री लहान होती. त्यांनी ती चाचांच्या बाजूला कलती धरली आणि आपला उजवा खांदा उन्हात राहू दिला.