चांदी ओतून परत गेलेला डोल

मित्रांनो, नेवाडाच्या वाळवंटातल्या एका डोंगररांगेत मी पडून आहे. मी खाणीचा लोखंडी डोल. आज गंजाने लालेलाल झालो असलो, तरी एके काळी माझ्या पोटात बसून माणसे पाताळात उतरत!

सॅन फ्रान्सिस्कोच्या एका भट्टीत मला घडवले. खेचरगाडीतून मिठाचे पांढरे पठार ओलांडले आणि हा डोंगर पाहून मी थक्कच झालो. पाय तव्यावर आणि डोके बर्फात! पायथ्याशी गवताची काडी नाही, माथ्यावर मात्र पाइनची गर्द राई.

माझा मालक जोरी हा इंग्लंडमधल्या कॉर्नवॉलचा, पिढीजात खाणकामगार. त्याचा भागीदार इग्नासिओ मेक्सिकोतल्या सोनोराचा. घळीच्या काठावर त्यांनी खाणीची उभी विहीर खणली होती. दोघे तळाशी घण घालीत, सुरुंग उडवीत. वर जोरीची बायको थर्झा ही पलोमा नावाचे खेचर गोल फिरवी. त्यासरशी रहाट फिरे आणि मी दगड घेऊन वर येई. वर्ष सरले तरी नुसता दगडच. शेजारच्या खाणीतली माणसे खवचटपणे विचारीत, "काय बाई, खाण खणताय की विहीर? निदान पाणी तरी लागू दे."

आणि एका दुपारी जोरीचा टिकाव चांदीच्या काळपट, चकाकत्या शिरेत रुतला! दोघांनी मला काठोकाठ भरले. इतका जड मी कधीच झालो नव्हतो, पण काय आनंदाने वर आलो म्हणून सांगू! थर्झाने एक ढेकूळ उचलले. ते तिने उन्हात धरून निरखले.

तेवढ्यात तिची नजर माथ्यावर गेली. तिथे आभाळ काळेकुट्ट झाले होते. खाली थेंब नव्हता, पण घळीच्या वरच्या अंगाने गडगडाट येत होता. तिने क्षणभरही विचार केला नाही. सगळी चांदी घळीत ओतली आणि मला रिकामाच खाली सोडला.

"दोघंही चढा. लोंढा येतोय," तिने ओरडून सांगितले.

"अगं, एक खेप तरी भरू दे," खालून जोरी म्हणाला.

"तूच भर त्यात. बाकी काही नको."

इग्नासिओने त्याला माझ्यात ढकलले. "बस भाऊ. वहिनी उगाच ओरडत नाही." तो स्वतः माझ्या काठावर दोर धरून उभा राहिला.

वर पलोमा बिथरली होती. थर्झाने एप्रन सोडून तिच्या डोळ्यांवर बांधला आणि रहाटाच्या दांड्याला स्वतःचा खांदा लावला. दोर करकरत होता. माझी कडी ताणली गेली होती. तुटलो असतो तर? पण नाही तुटलो! मी तोंडाशी पोचलो, दोघांनी चढावर उड्या टाकल्या, आणि मागोमाग तांबडे पाणी धोंड्यांसकट विहिरीत कोसळले.

तिघे चिखलाने माखून बसले होते. इग्नासिओला हसू आवरेना. "वहिनी, पाणी लागलं बघा."

जोरी मात्र घळीकडे बघत पुटपुटला, "चांदी गेली."

"शीर डोंगरात आहे ना? ती कुठे वाहून जाते?" थर्झा म्हणाली आणि मग जोरीच्या गळ्यात पडून रडली.

हिवाळाभर त्यांनी गाळ उपसला. शीर जागेवर होती! मग इथे गाव वसले, भट्ट्या धडधडल्या, मी दिवसभर खालीवर धावलो. कोळशासाठी माथ्यावरची राई मात्र साफ कापली गेली. पुढे चांदीचा भाव कोसळला आणि गाव उठले. थर्झाने जाताना माझ्या कडीवरून हात फिरवला. त्यानंतर कित्येक वर्षे इथे वाऱ्याशिवाय कोणी फिरकले नाही.

आता माथ्यावर पाइन पुन्हा वाढले आहेत आणि हौशी प्रवासी येतात. काही जण बंदुकीने माझ्यावर नेम धरतात. माझ्या अंगाला वरच्या बाजूला एक भोक पडले आहे. पाऊस पडला की त्या भोकापर्यंत माझ्यात पाणी साठते, आणि रानमेंढ्या पिल्लांना घेऊन प्यायला येतात.

मित्रांनो, त्या भोकाच्या खाली नेम धरू नका.